उतरणीसाठी कमावलेले पाय

पार्वतीकाकू खुर्चीतून उठताना दोन्ही हात छातीशी बांधून घ्यायच्या. कुणी आधाराला पुढे झालंच, तर डोळे वटारायच्या. महाडच्या एका डायलिसिस केंद्रात मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथे येणारी माणसं बहुतेक भिंत धरून चालतात. त्यात साठी उलटलेल्या, काटकुळ्या काकू सुई टोचण्याआधी मला उठून दाखवायच्या आणि विचारायच्या, "झाला का गो समाधान?"

पहिल्या भेटीत मात्र त्यांना उठताच येत नव्हतं. वरंधच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. गाडीरस्ता नाही, डोंगर उतरावा तेव्हा एसटी मिळते. मूत्रपिंडं निकामी झाल्यावर घरच्यांनी मायेपोटी त्यांचं सगळं काम काढून घेतलं, पाण्याचा तांब्याही हातात आणून देऊ लागले. आजाराने झिजलेले पाय बसून बसून पार गळाले. मग घोंगडीची डोली करून वाडीतले पुरुष त्यांना खाली आणायला लागले. तरणी माणसं मुंबईला, त्यामुळे डोलीला खांदा देणारे स्वतःच म्हातारे. मुलगा मुंबईहून सारखा सांगत होता, इकडे ये, दवाखाना घराजवळ आहे.

"तुमी माजा रगत धुता, ता ठीक," काकू मला म्हणाल्या. "पन पायांचा काय? उतराया नाय आला तर माजा घर सुटंल."

डॉक्टरांना विचारून आम्ही सुरुवात केली. खुर्चीतून उठणं-बसणं, पायरी चढणं, मशीन चालू असताना घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय उचलणं. घरी वाळूऐवजी लुगड्याच्या चिंधीत तांदूळ बांधायच्या. डायलिसिसनंतर माणूस गळून जातो, म्हणून मशीन सुटल्यावर त्या दिवशी मी त्यांना व्यायाम करू देत नसे. पायाला सूज दिसली तरी नाही म्हणायचे. तेव्हा त्या लहान मुलीसारख्या रुसायच्या, जाताना माझ्याशी बोलायच्या नाहीत.

वाडीत मात्र वेगळंच रामायण घडलं. म्हातारी ओसरीवर घामाघूम होऊन उठबशा काढते आहे, हे पाहून भावकीने परस्पर ठरवून टाकलं, की सुनेने सासूला शिक्षा दिली. सून सुनंदा माझ्यापुढे रडली. "मॅडम, लोका माज्याशी बोलत नाय," म्हणाली. काकूंनी दुसऱ्या दिवशी भावकीतल्या बायकांना चहाला बोलावलं, ओसरीवर ओळीने बसवलं आणि हात न टेकता उठायला सांगितलं. दोघीतिघी तिथेच कोलमडल्या.

"आता तुमाला कोनी शिक्षा केली गो?" काकूंनी विचारलं. त्यानंतर सुनंदाला कुणी नावं ठेवली नाहीत.

हिवाळा सरता सरता काकू काठी टेकत स्वतः डोंगर उतरून आल्या. मागून सुनंदा रिकाम्या हातांनी हसत येत होती. मला इतका आनंद झाला, की मी सगळ्यांना चहा पाजला. काकूंना अर्धाच कप, डायलिसिसमुळे त्यांच्या पाण्याचं माप होतं ना!

मग पावसाळा आला. वाडीच्या वर डोंगराला भेगा पडल्या. तळीये गाव दरडीखाली गाडलं गेल्यापासून इथे भेग म्हटली की कुणी वाद घालत बसत नाही. वाडी रिकामी झाली. काकू भर पावसात, कुणाचाही खांदा न घेता उतरल्या, आणि उतरल्या त्या कायमच्या. काही दिवसांनी निम्मी वाट दरीत गेली. मुलगा येऊन दोघींना मुंबईला घेऊन गेला.

तिकडून सुनंदाचा फोन आला. "आत्या व्यायाम करीत नाय. तुमचाच ऐकतील."

मी काकूंना नेहमीसारखं दटावलं. पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता.

"कशाला गो?" त्या म्हणाल्या. "हितं लिफ्ट हाय."

निदान स्वतः उठून मोरीपर्यंत जाता यावं म्हणून तरी करा, असं मी म्हटलं. ते खरंही होतं. त्या "बरा" म्हणाल्या आणि फोन सुनेकडे दिला.

दिवाळीच्या तोंडावर त्या गेल्या. शेवटी कूस बदलायलाही त्यांना दोन माणसं लागत होती, असं सुनंदाने सांगितलं. एवढ्या कष्टाने कमावलेले पाय काकूंनी आपणहून सोडून दिले होते. त्यांचं चुकलं, असं म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही.