कामाशिवाय बसू नये

अंबादास कासाराला उमरग्यात लोक बहिरा म्हणत, आणि तोंडावर म्हणत. त्याला ऐकू येत नाही ही केवढी सोय! चाळीस वर्षं तांब्या-पितळेवर हातोडी चालवल्यावर कानांचं जे व्हायचं ते झालं होतं. पण तो ठार बहिरा नव्हता. कुणी बेंबीच्या देठापासून ओरडलं तर त्याला शब्द न् शब्द कळे. एका म्हाताऱ्यासाठी रोज कोण ओरडणार, एवढाच प्रश्न होता.

बायको कस्तुराबाई होती तोवर ती त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन बोलायची. भांडायचीसुद्धा तिथूनच. ती एकोणसाठ साली गेली. मूलबाळ नव्हतं. शेजाऱ्यांनी सुरुवातीला चार दिवस घसा फोडला, मग ते हातवाऱ्यांवर आले, आणि पुढं नुसती मान हलवून आपापल्या दारात शिरू लागले. घर असं गप्प झालं की अंबादास कधीकधी काम नसतानाही रिकाम्या परातीवर हातोडी मारून बघायचा.

दोन वर्षांनी चन्नबसप्पाचा निरोप आला. सोलापूर-हैदराबाद सडकेवर, एसटी थांबते तिथंच त्याचं हॉटेल होतं. निजामाच्या वेळी तिथं एक चूल आणि दोन बाकडी होती. आता लॉऱ्यांची रीघ लागली, तसं संगमरवरी टेबलं आली, आरसे आले. सोलापुरात कुठंतरी पितळेनं मढवलेला काउंटर बघून आल्यापासून तर चन्नबसप्पाला अन्न गोड लागेना.

"सोलापूरवाल्यानं बघून मान खाली घालावी असं करा, मामा," तो म्हणाला.

अंबादासनं केलं. पत्रा कापला, भाजून मऊ केला आणि मठारला. मठार म्हणजे बारीक हातोडीचे एकाला एक लागून ठोके, एक इकडं नाही की एक तिकडं नाही. अशा पत्र्यावर उजेड एकसंध पडत नाही, ठोक्याठोक्यात वेगळा बसतो. घरी वीस दिवस ठोकून झाल्यावर पत्रे हॉटेलात नेले आणि लाकडी काउंटरवर चढवायला तो खाली मांडी घालून बसला.

आणि त्याला ऐकू येऊ लागलं.

तिथं सगळेच ओरडत होते! बाहेर लॉऱ्या घुरघुरत होत्या, आत स्टोव्ह फरफरत होते, आणि त्यावरून आवाज न्यायचा म्हणून वेटर सिदू भटारखान्याकडं तोंड करून बोंबलत होता, "दोन पेशल, एक भजी!" ड्रायव्हर एकमेकांशी मैलभर लांबून बोलावं तसे बोलत होते. कुणाच्या तरी बहिणीचं लग्न जमत नव्हतं, तेही अंबादासला कळलं. त्यानं खिळा तोंडात धरला होता, म्हणून बरं. नाहीतर म्हातारा तिथंच रडला असता.

काम चौथ्या दिवशी संपणार होतं. समोर भिंतीवर लाल अक्षरांत पाटी होती : कामाशिवाय बसू नये. चहा संपला की उठायचं, मागं एसटीचे उतारू उभे असतात. शिवाय गावात घर असलेल्या माणसानं हॉटेलात बसून राहणं लोकांना बरं दिसत नसे, आणि अंबादासला तर त्याहून नाही.

"मामा, हे पितळ काळं पडंल का?" चन्नबसप्पानं विचारलं.

पडू नये म्हणून चंद्रुसाच्या, म्हणजे राळेच्या, वार्निशचा हात देतात. अंबादासला ते चांगलं ठाऊक होतं, घरात वार्निशची बाटलीसुद्धा होती. पण तो म्हणाला, "पडंल की. मठारलेल्या पितळेला चिंचच लागती. दर गुरुवारी मीच येत जाईन. पैसे नकोत, चहा पाजा."

आयुष्यभरात गिऱ्हाइकाशी तो एवढंच एक खोटं बोलला.

मग दर गुरुवारी सकाळी अंबादास चिंचेचा गोळा आणि राख घेऊन हजर. काउंटर घासायला तास पुरे झाला असता, हा तीन तास लावी. तेवढ्यात ऐकलेलं तो घरी नेऊन आठवडाभर पुरवून पुरवून आठवे. ड्रायव्हरच्या बहिणीचं ते लग्न पुढं जमलं, त्या दिवशी त्यानं घरी जाऊन शिरा करून खाल्ला.

दीड वर्ष असं छान चाललं. मग एका बुधवारी व्यंकट नावाचा हैदराबादचा पॉलिशवाला चहाला थांबला. त्यानं काउंटरवर बोट फिरवलं आणि हसला. "इसकू वार्निश मारे तो बरसां हात लगाना नक्को!"

दुसऱ्या दिवशी चन्नबसप्पानं विचारलं, "मामा, तुमाला वार्निशचं म्हाईत नव्हतं का?"

अंबादासनं मान खाली घातली. "होतं."

"मग पैसे न घेता दीड वरीस कशाला घासलाव?"

खरं काय ते सांगायचं? तुमच्याकडं लोक ओरडून बोलतात म्हणून? अंबादास चिंचेचा गोळा फडक्यात बांधू लागला. चन्नबसप्पा माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "जाऊ द्या. मारून टाका वार्निश, तुमची दर गुरुवारची कटकट मिटली." म्हाताऱ्यावर आपण उपकार केले असंच त्याला वाटलं.

अंबादासनं वार्निश मारलं. पत्रा चिंचेनं लख्ख केला, शेगडीच्या धगीनं कोमट केला आणि हलक्या हातानं ब्रश फिरवला. एक ओघळ नाही, एक बुडबुडा नाही. फक्त खाली उजव्या कोपऱ्यात, जमिनीलगत, वीतभर जागा त्यानं कोरडी सोडली. ती काळी पडेल, कुणाच्या तरी डोळ्यांत खुपेल, आणि मग निरोप येईल.

निरोप आला नाही. गुरुवार आला आणि गेला, असे नऊ गुरुवार गेले. दहाव्याला तो स्वच्छ सदरा घालून गिऱ्हाइकासारखा गेला. काउंटर सोन्यासारखा झळकत होता. उजव्या कोपऱ्यापुढं सोड्याच्या बाटल्यांची पेटी आणून ठेवली होती. तो कोपरा कुणाला दिसलाच नव्हता.

सिदूनं फडकं मारून विचारलं, "काय आणू?" दीड वर्ष हा माणूस त्याला न विचारता चहा आणून द्यायचा.

अंबादासनं चहा घेतला, जमेल तेवढा सावकाश. तरी तो संपलाच. मागं एक उतारू येऊन उभा राहिला. समोर पाटी होती. अंबादास उठला, दारापर्यंत गेला, आणि तिथून वळून काउंटरकडं आला. त्यानं बाटल्यांची पेटी बाजूला ओढली, खिशातून चिंचेचा गोळा काढला आणि त्या वीतभर काळ्या पितळेसमोर जमिनीवर बसून घासू लागला.

चन्नबसप्पा वरून वाकला. "मामा, काय करलालाव? तिथं कोण बघतंय?"

अंबादासला शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला. त्यानं हात थांबवला, मान वर केली आणि उजव्या कानामागं तळवा धरला.

"आं?" तो म्हणाला. "काय म्हणलाव, अप्पा?"

चन्नबसप्पानं पुन्हा ओरडून सांगितलं.