बागा बघायला आलेले व्याही

एकदा कोल्हापूर बघायला या, असं आमच्या व्याह्यांना फोनवर सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "पावणं, मी आठवड्याला येतोय की कोल्हापुरात. गूळ घेऊन."

"मार्केट यार्डात येता. शहर कुठं बघितलंय?"

"काय हाय त्यात बघण्यासारखं?"

"बागा आहेत. राजवाडा आहे."

"बरं. रविवारी येतो."

निमित्त किती तोकडं आहे, हे दोन्ही बाजूंना माहीत होतं. ते शिरोळ तालुक्यातले जैन शेतकरी. त्यांच्या मुलीने आमच्या मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. त्या लग्नाला ते आले नाहीत आणि नंतर मुलीशी बोललेही नाहीत. आमचं घर मंगळवार पेठेतलं, मटण शिजणारं. तिथे जेवायला या म्हटलं असतं तर नकारच आला असता. बागेत भेटायला कुणाची हरकत नसते. सुनेची अपेक्षा एवढीच होती की त्यांनी एकदा तिच्या घरात यावं. जेवले नाहीत तरी चालेल, पाणी तरी प्यावं. रविवार सोयीचा होता. इथल्या कारखान्यांना सुट्टी सोमवारी असते, त्यामुळे मुलगा कामावर असणार होता. त्याला स्टँडवर बघितलं तर ते आल्या पावली परत जातील, अशी सुनेला धास्ती होती.

वर्तमानपत्राच्या डेस्कवर आयुष्य गेलेलं, त्यामुळे दिवसाची आखणी माझ्याकडे आली. सकाळी न्यू पॅलेस, दुपारी टाऊन हॉलची बाग, मग रंकाळा आणि तिथून घर. व्याही दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. थंडीचे दिवस होते, अंधार लवकर पडायचा, म्हणून उजेड असताना घरी पोचणं भाग होतं. पत्नी स्वयंपाकासाठी घरी थांबली.

ते एसटीने आले. पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट, धोतर, हातात चार कप्प्यांचा स्टीलचा डबा, खांद्याला पाण्याची बाटली. डबा बघून सुनेचा चेहरा उतरला. स्वतःचं अन्नपाणी बांधून आलेला माणूस दुसऱ्याच्या घरी काही घेणार नाही, हे उघड होतं. तिने वाकून नमस्कार केला. त्यांनी हात थोडासा उचलला आणि मला विचारलं, "हिनं सकाळी काय खाल्लंय का?"

ती त्यांच्यासमोरच उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली.

"खाल्लंय," मी सांगितलं.

मग तीच पद्धत पडली. तिला ऊन लागतंय का, ती दमली का, हे सगळं मला विचारलं जाई आणि उत्तरही माझ्याकडूनच घेतलं जाई.

आखणीतली चूक न्यू पॅलेसमध्ये उघडी पडली. तिथलं संग्रहालय मी अनेकदा पाहिलेलं. शिकारीच्या जनावरांचं दालन आहे, हेही माहीत होतं. बरोबर कोण असणार आहे याचा विचार मात्र केला नव्हता. व्याही दाराशीच थांबले. आत पेंढा भरलेले वाघ आणि बिबटे काचेच्या डोळ्यांनी बघत होते.

"ही समदी मारलेली हाईत?"

"शिकारीची आहेत. जुन्या काळातली."

"पावणं, तुम्ही फोनवर बागा म्हणाला हुता."

सून भिंतीवरच्या पाटीकडे बघत राहिली. मागे सहलीला आलेल्या बायकांचा घोळका अडला होता. त्यातली एक म्हणाली, "ओ मामा, आत तरी व्हा न्हायतर भाईर तरी! मेलाय त्यो वाघ, खात न्हाय."

"तेच तर म्हणतोय बाई," ते बाजूला होत म्हणाले. "मेलाय."

बाहेर आवारात जाळीपलीकडे हरणं होती. तिथे ते बराच वेळ उभे राहिले. "हे बरं हाय. चरतंय तरी," एवढंच बोलले.

टाऊन हॉलच्या फाटकातून आत गेल्यावर मी संग्रहालयाच्या काळ्या दगडी इमारतीकडे वळलो. ते वळले नाहीत. न विचारता उजवीकडच्या एका मोठ्या झाडाकडे गेले आणि त्याच्या बुंध्याशी बसले. आसपास समोरच्या दवाखान्यातल्या रुग्णांचे नातेवाईक पिशव्या उशाला घेऊन पडले होते.

"ही बाग माहितीची आहे तुमच्या?"

"म्हाईत नसायला काय झालं? हिची आई समोर थोरल्या दवाखान्यात हुती. ताप डोक्यात गेलता. आत एकाच माणसाला थांबू द्यायचे. तिथं माझी बहीण, आनि मी हितं." त्यांनी इमारतीकडे बोट केलं. "त्यात काय हाय ते मातर आजपातूर बघितलं न्हाय."

मग ते मुलीकडे वळले. "तू हुतीस की माझ्याजवळ, अक्का. बारकी. पोत्यावर झोपायचीस. उठलीस की पाखरांच्या मागं."

सुनेने विचारलं, "आणि तुम्ही, अण्णा?"

"मी तुझ्या मागं."

त्यांनी डबा तिच्यापुढे सरकवला. "सोड. तुझ्या आईनं बांधलंय. एका मानसाला चार कप्पं देतंय का कोन?" आत शाळूच्या भाकरी होत्या, घेवड्याची भाजी, शेंगांची चटणी, दही. तिने तिघांना वाढलं. खाताना आई कशी आहे, म्हशी किती दुधाच्या आहेत, असं ती विचारत गेली आणि ते तिलाच उत्तर देत गेले.

जेवणानंतर त्यांना ती इमारत बघायची होती. उत्खननात सापडलेल्या मडक्यांपुढे ते इतके रेंगाळले की रंकाळा राहूनच गेला. बाहेर आलो तेव्हा उन्हं झाडांच्या शेंड्यांवर गेली होती.

"अण्णा, घर जवळ आहे," सून म्हणाली.

त्यांनी आभाळाकडे बघितलं. "दिवस हाय अजून," ते म्हणाले. मी रिक्षाला हात केला.

घरी ते हात धुवायला स्वयंपाकघरातल्या नळाशी गेले आणि तिथेच थांबले. नळाच्या तोंडाला पांढरं दुहेरी फडकं बांधलेलं होतं.

"हे कुणी?"

"तुमच्या लेकीनं. आल्या दिवसापासून," पत्नीने सांगितलं. "आता मलाबी बिनगाळलेलं पाणी जात न्हाय. बसा. कांदा-लसूण काय घातलेलं न्हाय, भांडीबी नवी काढल्यात. इचारू नका."

"मी कुठं इचारलंय?" म्हणत ते पाटावर बसले. खिडकीकडे लक्ष ठेवून जेवले, वरणभात दुसऱ्यांदा मागून घेतला. शेवटी सुनेने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी अंधार पडायच्या आत रिकामा केला.

मी शिरोळच्या गाडीची चौकशी करायला निघालो. त्यांनी हाताने थांबवलं.

"तुमचा मुलगा कवा येतो कामावरनं?"

"साडेसहापर्यंत येतो."

"मग थांबतो. दिवस मावळल्यावर जेवायचं न्हाय, बोलायला कुठं बंदी हाय?"

सून फोन घेऊन गॅलरीत गेली. "वाटेत कुठं थांबू नकोस," एवढंच आत ऐकू आलं.