विम्याचं डोहाळजेवण

समस्त आप्तेष्टांस, स्नेहीजनांस आणि विशेषतः नाकं मुरडणाऱ्यांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, लंडनमधल्या हॅरो मुक्कामी, यजमानांच्या पूर्ण संमतीने माझे डोहाळजेवण पार पडले. सातवा महिना होता. गरोदर मी नव्हते. गरोदर होती माझ्या गाडीच्या विम्याची पॉलिसी.

हसू नका. आधी ऐकून घ्या.

नऊ वर्षं मी या देशात गाडी चालवली आणि एकदाही कुणाला खरचटलं नाही. विना-क्लेम गेलेल्या प्रत्येक वर्षाची सूट इथे विम्यात साठत जाते. तिला सगळे नो क्लेम म्हणतात. पण आमच्या घरी विमा नवऱ्याच्या नावावर, आणि मी त्यातली नेम्ड ड्रायव्हर, म्हणजे चालवायची परवानगी असलेली बायको. मी स्लाऊपर्यंत गाडी हाकायची, हा डावीकडे बसून घोरायचा, आणि घोरता घोरता याचा नो क्लेम वाढायचा. नऊ वर्षांत त्याचा डोंगर झाला. माझ्या नावावर ढिम्म काही नाही.

मला त्याचं काही वाटत नव्हतं, खरंच. वाटायला लागलं ते कामावरून. मी एका चष्म्याच्या दुकानात रिसेप्शनला बसते. आमच्याकडे येणारे म्हातारे एकेक करून यायचे बंद होतात. गेलेले नसतात, नुसता जिना उतरता येत नसतो. त्यांच्या घरी जाऊन चष्मे बसवून देणारी आमची एक सहकारी आहे. फ्रेम्सची पेटी घेऊन दिवसभर फिरायची आणि लोकांच्या चहाच्या गोष्टी घेऊन परतायची. ती मे महिन्यात निवृत्त होणार होती. मालकीणबाई मला म्हणाल्या, "हे काम तुझंच. फक्त गाडी तुझी हवी, विमा तुझ्या नावावर हवा, आणि त्यावर निदान एका वर्षाचा नो क्लेम."

हे संभाषण जूनच्या अखेरीस झालं. बोटं मोजली तरी मेपर्यंत वर्ष काही भरेना.

तेव्हा आमच्या नागपूरकर मैत्रिणीने शोध लावला. एक कंपनी दहा महिन्यांची पॉलिसी देते. दहा महिने क्लेम न करता काढले, की कागदावर पूर्ण वर्ष मिळतं. मी त्याच आठवड्यात एक जुनी लाल गाडी घेतली, पॉलिसी माझ्या नावावर काढली, आणि मोठ्या मनाने नवऱ्याला नेम्ड ड्रायव्हर केलं. त्याला तो शब्द ऐकूनच ठसका लागला.

"दहा महिने?" नागपूरकर म्हणाली. "बाप्पा, हे तर बाळंतपणाहून जास्त झालं! सातव्यात डोहाळजेवण करून टाकू नं."

ती गमतीत म्हणाली असेल, पण जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी माझ्या घरी चार बायका जमल्या. पैठण्या, त्यावर पफर जॅकेट, पायात ट्रेनर्स. मला हलव्याचे दागिने घातले. गाडीच्या स्टीअरिंगलाही हलव्याचा हार. ओटी भरली. शेवटी दोन झाकलेल्या वाट्या आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर नो क्लेम, बर्फी निघाली तर क्लेम.

मी हात पुढे केला आणि बाहेर हॉर्न वाजला. क्रॉयडनहून येणारी पाचवी मैत्रीण, दीड तास उशिरा, आणि आमच्या उताराच्या गल्लीत गाडी लावायला जागा नाही.

"थांबा, मी हिची लाल गाडी अंगणातून काढून कोपऱ्यावर लावतो," नवरा म्हणाला. घरातला एकमेव पुरुष म्हणून त्याला मघापासून काहीतरी करून दाखवायचं होतं.

आता आपल्या लोकांची एक सवय आहे. कुणी गाडी मागे घेतंय असं दिसलं की हातातलं काम टाकून मागे उभं राहायचं आणि 'येऊ दे, येऊ दे' करायचं. चौघी धावल्या. एक डावीकडून येऊ दे, एक उजवीकडून येऊ दे, तिसरी क्रॉयडनवालीच्या गाडीला येऊ दे, आणि नागपूरकर नुसतीच येऊ दे. नवरा आत्मविश्वासाने येत राहिला. गाडीचा सेन्सर बिचारा बीप बीप करून ऊर बडवत होता. पण चार माणसं येऊ दे म्हणत असताना यंत्राचं कोण ऐकतं?

धाड.

शेजारच्या आजींच्या फाटकाला विटांचे दोन खांब आहेत आणि प्रत्येकावर फुटबॉलएवढा सिमेंटचा गोळा. त्यातला एक गोळा हलला, त्याने क्षणभर विचार केला, आणि खाली उडी मारून उताराला लागला. मागोमाग तीन पैठण्या. "अगं धर! अगं तिकडून धर!" मी हलव्याच्या मुकुटासकट दारात उभी. गोळा पार खालच्या लाल पोस्टाच्या पेटीजवळ जाऊन कठड्याला टेकला. वाटेत कुणी नव्हतं, ही देवाचीच कृपा.

नवरा गाडीतून उतरला तेव्हा त्याचा चेहरा मी लग्नात पाहिला होता त्याहून पांढरा होता.

"अगं," तो म्हणाला, "तुझा नो क्लेम."

नऊ वर्षं मी याचा नो क्लेम काचेच्या भांड्यासारखा सांभाळला, आणि याने माझा सातव्या महिन्यात पाडला! हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण तो बंपरवरचा ओरखडा रुमालाने पुसत होता, म्हणून मी ते गिळलं.

"माझ्या विम्यातून देऊ या का?"

"गाडी माझी आहे रे. क्लेम आला तर माझ्यावरच येणार."

"आजींच्या मिस्टरांनी बसवले होते ते. दर रविवारी पुसायचे, मी पाहिलंय. ते गेले, आता ही आठवण. त्या सोडणार नाहीत." मग एकदम म्हणाला, "मी तो परत वर ठेवतो. जसा होता तसा." आणि उतारावर धावत सुटला.

म्हणजे आजींच्या दाराची बेल वाजवायची पाळी माझी. हातात वाट्यांचं ताट तसंच राहिलं होतं, ते घेऊन गेले. आजींनी दार उघडलं. पंचाऐंशी तरी असतील. चष्म्याची काडी चिकटपट्टीने जोडलेली. त्यांनी आधी माझा मुकुट पाहिला, मग रिकामा खांब. मी एका दमात सगळं सांगितलं. गोळा, नवरा, येऊ दे, मे महिना, म्हातारी माणसं, चष्मे. डोहाळजेवणही सांगितलं, कारण मुकुटाचा खुलासा करणं भाग होतं. "तुम्ही भरपाई मागितलीत तर तो तुमचा हक्कच आहे," मी म्हटलं, आणि ताट पुढे केलं.

आजींनी दोन्ही वाट्या उघडल्या, पेढा खाल्ला, बर्फीही खाल्ली.

"मी कशाला काही मागू?" त्या म्हणाल्या.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, कारण शेवटचा शब्द माझा नाही. सोमवारी मी विमा कंपनीला फोन करून घडलं ते सगळं सांगितलं. त्यांनी नोंद केली. क्लेम नाही, तर नो क्लेमला धक्का नाही. बंपरवरचा ओरखडा मी ठेवलाय, नवऱ्याला दाखवायला. एप्रिलच्या शेवटी कागद आला, माझ्या एकटीच्या नावाचा, तो फ्रीजवर लावलाय. मे महिन्यात काम सुरू झालं आणि माझी पहिली भेट होती शेजारच्याच घरी, चालत.

पण त्या दुपारी आजी दारात, मी पायरीवर, आणि समोरून माझा नवरा गोळा पोटाशी धरून धापा टाकत चढ चढून आला. दोघी मैत्रिणींनी हात लावला. तिघांनी मिळून तो खांबाच्या टोकापर्यंत उचलला. नागपूरकर सवयीने म्हणाली, "येऊ दे, येऊ दे."

आणि आजी माझ्या कानाशीच ओरडल्या, "नका हो, परत वर ठेवू नका! साठ वर्षं सहन केलेत मी ते! गाडी चालू असेल तर तो दुसराही पाडा!"