नकाशावरचं हिरवं केशवापूर

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं ठरलं, आणि नेमका तेव्हाच हुबळीत डेंग्यू सुरू झाला. पुण्याहून जावयांनी फोनवर एक सरकारी नकाशा पाठवला. कुठल्या भागात किती रुग्ण, ते रोज कुणीही बघावं असा. आमचं केशवापूर हिरवंगार आणि दाजीबानपेठ लालभडक. हे म्हणाले, चिंता मिटली, पोरीला बिनधास्त बोलावू.

माझी नाही मिटली. सरकार आपणहून काही दाखवायला लागलं की मी आधी कान टवकारते. शेजारच्या सासू-सुना दोघी तापाने दवाखान्यात, कोपऱ्यावरच्या मास्तरांच्या प्लेटलेट्स उतरलेल्या, आणि नकाशात काहीच नाही? कुणीतरी आकडे दाबतंय, असं मी ह्यांना सांगितलं. हे हसले. तुला दूधवाल्यापासून देवापर्यंत सगळ्यांचा संशय, म्हणाले.

शेजारची सासू दवाखान्यातून घरी आल्यावर मी पेज घेऊन गेले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, अक्का, दवाखान्यात पत्ता कुठला दिलात? आधारवरचा, म्हणाली, दुकानाचा. तेव्हा माझी ट्यूब पेटली. आम्ही सगळी पेठेतली कापडवाली माणसं. केशवापुरात घरं बांधली, मुलं इथंच मोठी झाली, पण कार्डावर अजून पेठच. पत्ता बदलला की पेठेतलं नाव जातं, असं सासरे म्हणायचे, आणि कुणीच बदलला नाही. म्हणजे आकडे कुणी दाबले नव्हते. आजारी आम्ही इथं पडत होतो आणि मोजले तिथं जात होतो. डासांच्या धुराची गाडीसुद्धा रोज पहाटे पेठेतल्या बंद शटरांवर धूर सोडून जायची.

मग ह्यांनाच ताप भरला. तपासणीत डेंग्यू निघाला. दवाखान्याच्या खिडकीपाशी मी घसा फोडून सांगितलं, केशवापूर लिहा. कार्डावर असेल तेच येतं, मला बदलता येत नाही, असं आतली बाई कानडीत म्हणाली. संताप संताप झाला माझा, पण तिच्यावर चिडून काय होणार होतं?

पोटुशी पोर घाबरेल म्हणून तिला काही कळवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला, अगदी खुशीत.

"आई, आपलं केशवापूर अजून हिरवंच आहे बघ. पेठेत तेवढा एक वाढलाय. तिकीट काढू ना?"

मला रडू फुटलं.

"काढू नको. तो वाढलेला एक म्हणजे तुझे अप्पा आहेत."