जेरारची मोटर

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर टोकाला, नदीकाठच्या गावात ऑलिव्हीन मिशो अडतीस वर्षं विजेच्या जळक्या मोटरींत नवी तार भरून देत होती. स्वभाव तिखट, जीभ त्याहून. गिऱ्हाईक "आपोआप जळली" म्हणालं की त्याची सालटी निघत. जुनी तार सुटावी म्हणून मोटर भट्टीत घालतात. पण जळण्याचं कारण शोधल्याशिवाय तिने एकही मोटर भट्टीत जाऊ दिली नव्हती. भट्टीतून निघालेली तार सगळी सारखीच काळी, मग काय झालं होतं ते देवालाही सांगता येत नाही.

लाकूड कापणाऱ्या सॉमिलचा मॅनेजर ड्वेन हॅस्केल करवतीची मोटर घेऊन आला तो कारण घरूनच घेऊन आला. करवत चालवणाऱ्या जेरार सिरने जाडजूड ओंडके कोंबले आणि मोटरवर ताण आला, एवढं तिने लिहून द्यायचं. म्हणजे जेरारला कामावरून काढता येणार होतं. त्याच्या पेन्शनला आठ महिने उरले होते.

जेरार हा एकोणीस वर्षांपूर्वीपर्यंत ऑलिव्हीनचा नवरा होता. मग तो तिच्याच मैत्रिणीकडे राहायला गेला, तेही चार घरं सोडून. त्याचं वाटोळं व्हावं, असं ती चर्चच्या पायऱ्यांवरही मोठ्याने म्हणे. तिने खुशीत मोटरीचं झाकण काढलं.

आणि तिचं तोंड कडू झालं. ताणाने जळती तर तिन्ही फेजची तार सारखीच करपती. इथे दोन फेजचा कोळसा, तिसरी नव्यासारखी तांबूस. म्हणजे सॉमिलच्या वीज-पॅनेलमधून एक फेज गेली होती आणि उरलेल्या दोघींनी सगळा भार ओढला होता. पॅनेलची देखभाल हॅस्केलकडे होती.

"बघत काय बसलात? घाला भट्टीत," हॅस्केल म्हणाला. "मी दुसरीकडेच नेणार होतो. जेरारनेच हट्ट धरला, मोटर ऑलिव्हीनकडेच न्या म्हणून. म्हटलं, बरंच झालं, तुमचं वैर तर गावाला ठाऊक आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती सूड उगवेल असा मेल्याने संशय तरी घ्यायचा! लग्नात गृहीत धरायचा तसाच आजही धरत होता. तिने भट्टीकडे पाहिलं, चांगलं बराच वेळ पाहिलं. मग कागद ओढून लिहिलं: एक फेज गेली, दोष पॅनेलचा, चालवणाऱ्याचा नाही.

हॅस्केलने कागद वाचला आणि यापुढे सॉमिलची एकही मोटर इथे येणार नाही असं बजावलं.

"नका आणू," ऑलिव्हीन म्हणाली. "आणि त्याला सांगा, आभार मानायला आलास तर तंगडं मोडीन."

हॅस्केलची गाडी गेल्यावर ती स्टुलावर बसून रडली. तो सोडून गेला तेव्हाही तिला त्याचा इतका राग आला नव्हता. मेला अजून तिला ओळखून होता.