हवेचा रकाना

कुडाळ स्टेशनबाहेरच्या स्टँडवर माझा नंबर चौदावा होता. पिवळ्या पाटीची सात सीटची गाडी आणि तारकर्लीत घराच्या मागच्या अंगाला पाहुण्यांसाठी तीन खोल्या, एवढाच माझा पसारा. पाहुणे येणार असले की त्यांना आणायचं, नसले की रांगेत उभं राहून मालवणचं भाडं घ्यायचं. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात, तेव्हा घर चालतं ते त्या नंबरावर. नंबर स्टँडच्या मंडळींनी द्यायचा आणि त्यांनीच काढायचा, असा तिथला रिवाज आहे.

टायरांचा नवा नियम आला तेव्हा स्टँडवर तो कोणी वाचला नव्हता. मी वाचला. मुद्दा साधा होता. चाक फिरताना टायर जितकी कमी ओढ धरील तितकं इंधन कमी जळतं. म्हणून त्या ओढीला मर्यादा घालायची, मर्यादेबाहेरचे नवे टायर विकू द्यायचे नाहीत आणि चांगल्या टायरवर ताऱ्यांचं लेबल लावायचं. वापरातल्या जुन्या टायरांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. स्टँडवर मात्र बातमी पोचली ती अशी, की टायरवर तारा नसेल तर गाडी पासिंगला नापास.

"हॉटेलाक तारे लावले ते पुरे नाय झाले," एकजण म्हणाला. "आता टायराक लावतत."

"उद्या स्टेपनीक चंद्र बसवतले."

"हसा नको रे. पासिंगाक गेलंय आणि तारो नाय म्हणान गाडी परत धाडल्यानी, तर पोरांका काय तारे खावक घालू?"

मी मूळ नियम समजावून सांगायला गेलो. "तुमका वाचूक दिलेलो एक आणि लागू करतले दुसरो," असं उत्तर मिळालं. 

दिवाळीच्या आधी माझे चारही टायर झिजले. दुकानदाराकडे आमच्या सवयीचे जाड भिंतीचे टायर आता येत नव्हते. तारेवाले घेतले. बाजूची भिंत दाबून बघितली तर बोटाला पातळ लागली. त्याच महिन्यात स्टँडवरच्या एकाच्या नव्या टायरची भिंत जांभ्याच्या खड्यावर फाटली आणि संतापाला तोंड फुटलं. स्टँडवरचे सर्वांत जुने चालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, माझ्यापाशी आले.

"तू वयेत लिवतस ना रे सगळा? मग आकडे काढ. इंधन वाचता म्हणतत ना? वाचता काय, ता दाखव त्यांका."

मी सगळं लिहितो हे खरं. गाडी घेतल्यापासून टाकी तोंडापर्यंत भरायची, किलोमीटर टिपायचे, पुन्हा तोंडापर्यंत भरायची आणि किती लिटर बसलं ते लिहायचं, असा माझा नेम आहे. माणसं किती, सामान किती, एसी चालू की बंद, यांचेही रकाने आहेत. जुन्या टायरांचे पावसाळ्याचे चार महिने आणि नव्यांचे दिवाळीनंतरचे दिवस, अशा दोन्ही काळांची मी सरासरी काढली. जुन्या टायरांवर, भर पावसात, वायपर आणि दिवे लावून गाडी लिटरला सतरा देत होती. नव्यांवर, कोरड्या रस्त्यावर, सोळाला काही कमीच. सगळी परिस्थिती नव्या टायरांच्या बाजूची असूनही ते हरले होते. मला रागही आला आणि, खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. कागदावरच्या शहाण्यांना आमच्या रस्त्याने उत्तर दिलं, असं वाटलं.

पत्र मी लिहिलं. चांगलं कडक लिहिलं. खाली आकड्यांचा तक्ता आणि बावीस सह्या. ओरोसला, जिल्ह्याच्या परिवहन कचेरीत, चालकांच्या हरकती ऐकायला साहेबांनी एक बैठक ठेवली होती, तिथे ते द्यायचं होतं. कचेरीतलं मराठी मला जमतं, म्हणून बोलायचंही मीच. पत्र अण्णांच्या ताब्यात दिलं.

तक्त्याची एक नक्कल घरी असावी म्हणून वही बायकोला दिली. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. बैठकीच्या पाच दिवस आधी ती ओटीवर बसून उतरवून घेत होती आणि मी पाहुण्यांना सोडून परत आलो होतो. आमच्या घरापर्यंतचा शेवटचा तुकडा वाळूचा आहे. पूर्ण हवा असलेलं चाक तिथे रुततं. म्हणून डांबर संपलं की खाली वाकायचं, व्हॉल्व्हमध्ये आगपेटीची काडी दाबायची, मनात तीस मोजायचे आणि पुढच्या चाकाकडे जायचं. किनाऱ्यावरचे सगळे हेच करतात. घरात शिरताना चपला काढतात तसं. परत कोणी भरत नाही. वाटेवरच्या पंपावरचं हवेचं यंत्र बहुतेक बंद असतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडायचीच तर भरायची कशाला?

त्या दिवशी वाटेत पंक्चरवाल्याने एका चाकात जास्त हवा भरून दिली होती, ती मी दारातच काडी लावून सोडत होतो. फुस्स आवाज ऐकून तिने मान वर केली.

"अहो, ही हवा सोडतात ती खंय लिवलात?"

"ती कित्याक लिवाची?"

"एसी लिवलात, बॅगा लिवलात. हवा लिवूक नाय?"

मी हसलो. मग हसू थांबलं. पावसाळ्यात ती वाळू भिजून घट्ट होते, गाडी वरून चालते, काडी लागत नाही. म्हणजे जुने टायर चार महिने पूर्ण हवेवर, गेजवरच्या बत्तीसवर, धावले होते. नवे मात्र दिवाळीपासून, वाळू सुकल्यापासून, वीसच्या आसपास हवेवर. कमी हवेचा टायर जास्त ओढ धरतो, हे त्या नियमातच लिहिलेलं मी वाचलं होतं. मी टायरांची तुलना केलीच नव्हती. बत्तीस हवेची तुलना वीस हवेशी केली होती आणि खाली बावीस माणसांच्या सह्या घेतल्या होत्या.

चार दिवस गाडी डांबरावर ठेवली. पाहुण्यांच्या बॅगा मी डोक्यावरून वाळूतून नेल्या. हवा बत्तीस, तोच रस्ता, चार खेपा. लिटरला अठरा. चार खेपा म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळतं. पण आधीचा तक्ता खोटा होता एवढं ठरवायला त्या पुरेशा होत्या.

बैठकीच्या सकाळी स्टँडवर जाऊन सगळं सांगितलं.

"चार खेपांत साक्षात्कार झालो तुका?" अण्णा म्हणाले.

"बायलेन एक प्रश्न इचारल्यान आणि बावीस सह्यो पाण्यात!" दुसरा.

मी म्हटलं, "पत्र ऱ्हवांदे. तक्तो तेवढो काढूया. भिंत पातळ आसा ता खरा, हवेचा यंत्र बंद आसता ता खरा. तेच बोलूया." आणि बोलायला नको होतं तेही बोललो, की फाटलेल्या टायरातही हवा कमी असणार, म्हणूनच भिंत दुमडून खड्यावर आली.

ज्याचा टायर फाटला होता तो उठून माझ्या अंगावर आला. "म्हंजे चूक माझी? सरकार बरोबर?"

"सरकार बरोबर म्हणूक नाय मी. माझे आकडे चुकीचे म्हणतंय."

"आमका खरे आकडे नको. आमका पत्र होया." अण्णांनी कागद खिशात घातला. "तू बोलू नको. नुसतो बस."

ओरोसच्या बैठकीत मी नुसता बसलो. अण्णांनी पत्र दिलं. साहेबांनी इतर पानं चाळली, तक्त्यावर थांबले आणि खुशीत म्हणाले, "हे कोणी केलंय? वरच्या कार्यालयाला हाच कागद पाठवू. आकडे तुमचेच ना?"

बोट माझ्या सहीवर होतं. अण्णा समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"माझेच," मी म्हटलं. "आणि चुकीचे आहेत." मग हवेचं सगळं सांगितलं. त्याच दमात हेही सांगितलं, की ज्या नियमाचा फायदा पूर्ण हवेवरच मिळतो तो काढताना वाळूच्या वाटेवर हवा कुठे भरायची याचा विचार कोणी केला नाही, आणि हा निष्काळजीपणा माझ्या चुकीपेक्षा मोठा आहे. पहिला भाग साहेबांनी लिहून घेतला. दुसरा भाग ऐकला.

माझा नंबर त्याच दिवशी संध्याकाळी गेला. आता मी स्टेशनच्या फाटकाबाहेर उभा राहतो, फक्त माझे पाहुणे घेतो. पुढचा पावसाळा कसा काढायचा ते अजून ठरलेलं नाही. वहीत नवा रकाना आखला आहे. पायाने मारायचा पंप घेतला आहे, पण चारही चाकं भरेपर्यंत घामाघूम होतो आणि नियम करणाऱ्यांना रोज शिव्या देतो.

स्टँडवरचं कोणी माझ्याशी बोलत नाही. अण्णा मात्र भाडं घेऊन फाटकातून बाहेर पडताना काच खाली करतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतात, "काय रे सरकार, आज हवा कितकी?"

मी गेज लावलेलं असतं. मी सांगतो, "बत्तीस."