फुटलेल्या नाकाचे नऊ दिवस

"हड्डी रुक सकती है. यह नहीं रुकेगा."

ग्वाल्हेरजवळच्या मुरारच्या डॉक्टरांनी कपाळावरचा गोल आरसा वर सारला आणि एवढंच म्हटलं. समोरच्या खुर्चीत माझे यजमान तोंड उघडं टाकून श्वास घेत बसले होते. मागे भिंतीला टेकून मामंजी, म्हणजे माझे सासरे, उभे होते. नाक मोडल्याचा तो पाचवा दिवस. इतके दिवस आम्ही सगळे फक्त हाडाचीच काळजी करत होतो.

डॉक्टरांनी सांगितलेलं नाव होतं सेप्टल हिमॅटोमा. दोन नाकपुड्यांच्या मधे जो पडदा असतो, त्याला सेप्टम म्हणतात. मार लागला की त्या पडद्याच्या अस्तराखाली कधीकधी रक्त साठतं. यजमानांच्या नाकात ते दोन्ही बाजूंनी साठलं होतं, आणि आता पिकलंही होतं.

कोणाच्या घरी असं घडलं तर उपयोगी पडावं, म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे.

मध्यभारत राज्य मोडून मध्यप्रदेशात मिसळायचं ठरलं होतं. मध्यभारताच्या राजधान्या दोन, त्यामुळे त्याआधी सरकारी दप्तर दर सहा महिन्यांनी इंदूरला जायचं आणि परत यायचं, त्याची ग्वाल्हेरच्या लोकांना सवय होती. नव्या राजधानीला, भोपाळला, गेलेलं मात्र परत येणार नव्हतं. यजमान कचेरीत दप्तरखान्याचं काम पाहत. सोमवारी निघणाऱ्या ट्रकांबरोबर त्यांना जायचं होतं. जो कागदांबरोबर जाईल त्याची जागा तिकडे पक्की, असं कचेरीत सगळे धरून चालले होते. घरात आमचीही बांधाबांध चालू होती.

मंगळवारी दुपारी कागदांची पेटी फळीवरून ट्रकमधे चढवताना पेटी सरकली, फळीचं दुसरं टोक उसळलं आणि यांच्या तोंडावर बसलं. टांग्यातून दोघांनी घरी आणलं तेव्हा सदरा छातीपर्यंत भिजला होता. नाक डावीकडे कललं होतं.

मी पहिली चूक तिथेच केली. त्यांना उताणं झोपवलं. रक्त घशात उतरत राहिलं आणि थोड्या वेळाने काळी उलटी झाली. पुढे डॉक्टरांकडून कळलं, की अशा वेळी माणसाला बसवायचं, पुढे वाकवायचं आणि नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत दाबून धरायचा.

मामंजी रियासतीच्या पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी नाकाकडे पाहिलं आणि बाह्या सारल्या. दोन अंगठे लावून हाड आत्ताच जागेवर बसवतो, पलटणीत कितीदा बसवलंय, म्हणाले. मी मधे उभी राहिले. लग्नानंतरच्या सात वर्षांत मी त्यांच्यासमोर अशी कधी उभी राहिले नव्हते. डॉक्टर पाहीपर्यंत कोणी हात लावायचा नाही, इतकंच बोलले. ते आत निघून गेले.

बुधवारी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दवाखान्यात गेलो. बाकांवर जागा नव्हती. तिथेही बदल्यांचे हुकूम आले होते, त्यामुळे निम्म्या खोल्या बंद होत्या. एका तरुण डॉक्टरांनी बाहेरून नाक पाहिलं, एक्स-रे काढायला सांगितला, आणि फोटो खिडकीच्या उजेडात धरला. हाडाला चीर आहे, थोडं सरकलंही आहे. आज सुजेत नाक कुठलं आणि सूज कुठली हेच कळणार नाही, म्हणून सूज उतरल्यावर, पाच-सहा दिवसांनी दाखवा, मग बसवायचं की नाही ते ठरवू.

हाडाच्या बाबतीत त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. फक्त नाकाच्या आत कोणी पाहिलं नाही. आणि एक्स-रेमधे हाड दिसतं, पडद्यातलं रक्त दिसत नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

गुरुवारी यांच्या दोन्ही नाकपुड्या बंद झाल्या. श्वास तोंडाने. "मला" म्हणायचं तर "बला" व्हायचं. शेजारीपाजारी म्हणाले, सूज आहे, उतरेल. पण डोळ्यांखालची सूज खरंच उतरत होती आणि नाक मात्र आणखी चोंदत होतं. मला हे दिसत होतं. याचा अर्थ काय ते कळत नव्हतं.

शुक्रवारी दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं. नाकाचा शेंडा लाल, तुकतुकीत झाला. उपरणं घासलं तरी ते कळवळायचे. तरीही खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसले होते. संध्याकाळी अंग तापलं. मामंजींनी हिवताप ठरवून क्विनीन दिलं.

शनिवारी सकाळी हुडहुडी भरली. दोन डोळ्यांच्या मधे कोणी खिळा ठोकतंय असं ते म्हणाले. मी लुगडं बदललं आणि टांगा बोलावला. मुरारला फौजेतून निवृत्त झालेले कान-नाक-घशाचे एक डॉक्टर आहेत, असं शेजारच्या बाईंकडून ऐकलं होतं. यजमान नको म्हणत होते. "बला सोबवारी जायचंय," हे एकच. तेवढ्यात मामंजी पगडी घालून बाहेर आले आणि टांग्यात पुढे टांगेवाल्याशेजारी बसले.

अर्ध्या वाटेवर, तोंड पुढेच ठेवून, ते माझ्याशी बोलले.

"सूनबाई, पलटणीत मी एका जवानाचं नाक बसवलं होतं. सरळ बसलं. सगळ्यांनी वाहवा केली. आठव्या दिवशी त्याचे डोळे सुजले. दहाव्या दिवशी गेला तो. हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं."

मग मंगळवारी बाह्या का सारल्या, असं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी विचारलं नाही. हात आपोआपच तिकडे गेले, असं उत्तर येईल याची बहुधा मला भीती वाटली.

आम्ही पोचलो तेव्हा मुरारच्या डॉक्टरांनी लगेच नाकाला हात लावला नाही. आधी प्रश्न विचारले. एकाचे दोन दिसतात का, मान वाकते का, दात नीट जुळतात का. नाकातून पाण्यासारखं पातळ, खारट काही गळतं का. ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं, म्हणून त्यांनी यांना पांढऱ्या फडक्यावर बराच वेळ वाकवून बसवलं. फडकं कोरडं राहिलं. मग अपघाताच्या आधीचा एखादा फोटो आहे का, असं विचारलं. नाक मुळात किती सरळ होतं हे कळल्याशिवाय किती वाकलंय ते कसं ठरवणार, असं त्यांचं म्हणणं. लग्नातला फोटो खोक्यात बांधलेला होता. तो काढून आणायचं मामंजींनी कबूल केलं.

मग आरशाचा उजेड आत टाकून पाहिलं. पडद्याच्या दोन्ही बाजूंना जांभळट फुगे होते. कापूस गुंडाळलेल्या काडीने दाबले तर आत दबत होते. साधी सूज अशी दबत नाही.

त्यांनी आम्हाला समजावलं. पडद्याचा पुढचा भाग कूर्चेचा असतो, कानाच्या पाळीच्या वर असते तशी. तिला स्वतःचं रक्त नसतं, अस्तराकडून मिळतं. मधे रक्त साठलं की अस्तर सुटतं, कूर्चा उपाशी मरते आणि नाक मधेच खचतं. पू झाला तर त्याहून वाईट, कारण इथल्या शिरा वर मेंदूकडे जातात.

यांनी सोमवारचं विचारलं.

"सोमवार का वादा मैं नहीं कर सकता," डॉक्टर म्हणाले. "किसी भी चीज़ का नहीं."

त्याच तासाला बधिर करणारं औषध लावून चीर दिली. पू निघाला. दोन्ही नाकपुड्यांत पट्ट्या घट्ट भरल्या, अस्तर परत चिकटावं म्हणून. पेनिसिलीनची इंजेक्शनं सुरू झाली आणि यांना तिथल्याच एका खोलीत ठेवून घेतलं. माझ्यावर एक काम सोपवलं. डोळे पाहत राहायचे. पापणी सुजते का, बुबुळ सगळीकडे फिरतं का, माझी बोटं किती दिसतात.

रविवारी दुपारी डावी पापणी मला जड वाटली. मी दोन बोटं धरली. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "तीद."

मामंजी खोलीबाहेर गेले. डॉक्टर आले, पापणी उचलून पाहिली, बुबुळ फिरवायला लावलं, आणखी एक इंजेक्शन दिलं. पुढचे काही तास मी कसे काढले ते लिहिता येत नाही. ताप उतरत नव्हता. मी पुन्हा पुन्हा दोन बोटं धरत होते. ते एकदा तीन म्हणत, एकदा दोन, मग पुन्हा तीन. संध्याकाळी दोन सांगितले, नंतर प्रत्येक वेळी बरोबर.

सोमवारी ट्रक भोपाळला गेले. यांचा ताप त्याच सकाळी उतरला.

नवव्या दिवशी, बुधवारी, डॉक्टरांनी लग्नातला फोटो समोर ठेवून हाड बसवलं. आत एक चपटी सळई घालून उचललं, बाहेरून अंगठ्याने सरकवलं. कट्‌ असा आवाज झाला. जास्त उशीर झाला असता तर हाड वाकडंच जुळलं असतं. मामंजी तिथे उभे राहून पाहत होते. त्यांनी नजर वळवली नाही.

हाड सरळ बसलं, पण कूर्चा पूर्ण वाचली नाही. नाकाच्या मधे खळगा पडला, तो कायमचा. भोपाळची जागा दुसऱ्याला मिळाली. यजमान ग्वाल्हेरलाच एका लहान कचेरीत राहिले, त्यांच्यामागून लागलेल्या माणसाच्या हाताखाली. बरेच दिवस ते आरशात पाहून दाढी करत नसत. आम्ही सुखात होतो असं मी म्हणणार नाही. आम्ही तिघे घरात होतो, आणि मला त्याची किंमत कळली होती.

दिवाळीनंतर मी लष्करातल्या दवाखान्यात गेले, एकटी. त्या तरुण डॉक्टरांना ऐकवायचं म्हणून रागाने गेले होते. बोलायला लागले तेव्हा लक्षात आलं, की राग कमी आणि भीतीच जास्त आहे. त्यांनी मधे तोडलं नाही. स्वतःची बाजू मांडली नाही. बाहेर रांग होती, तरी त्यांनी दार लोटलं, स्टूल माझ्यासमोर ओढलं, कोरा कागद घेतला.

"शुरू से बताइए," ते म्हणाले. "किस दिन क्या हुआ, सब."

मी सांगत गेले. ते लिहीत गेले. गुरुवारपाशी त्यांनी थांबवलं, दोन्ही बाजू एकदम बंद झाल्या का ते पुन्हा विचारलं, आणि त्या ओळीखाली रेघ ओढली. मुरारच्या डॉक्टरांनी यांचा जीव वाचवला, त्यांचे उपकार मोठेच. पण घरी चालत येताना मन हलकं झालं होतं ते या तरुण डॉक्टरांच्या त्या रेघेमुळे.